तीसपैकी चोवीस रुग्णांना उपशय, पुढे काय?

माघ-फाल्गुनात दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की आपल्या दवाखान्यांतून एक ठरावीक गर्दी सुरू होते. वाचलेले डोक्यात राहत नाही, रात्री झोप लागत नाही, पेपरच्या विचारानेच जीव घाबरा होतो, अन्नावरची वासना गेली, अशा तक्रारी घेऊन पालक मुलांना आणतात. वैद्य वय, अग्नी आणि प्रकृती पाहून ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा, सारस्वतारिष्ट यांतून योजना करतो. चैत्रात तीच माऊली समाधानाने सांगते, ‘वैद्यबुवा, तुमच्या औषधाने फरक पडला हो.’ ही वार्ता यथावकाश औषधनिर्मात्याच्या कानी जाते आणि पुढच्या हंगामात खोक्यावरील ‘स्मरणशक्तिवर्धक’ ही अक्षरे थोडी अधिक ठळक होतात.

फरक पडला हे खरेच असते. तो औषधामुळे पडला काय, एवढाच प्रश्न उरतो. परीक्षा संपली, हाही एक फरक असतो. आई आता रात्री उशाशी बसते, चहा कमी झाला, वैद्याने पाऊण तास शांतपणे ऐकून घेतले, हेही फरकच. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला युक्ती ही चौथी परीक्षा सांगितली. अनेक कारणांच्या संयोगातून घडणारे कार्य ओळखणारी ती बुद्धी. ज्याला आधुनिक मंडळी संशोधनपद्धती म्हणतात ती आमच्या दृष्टीने याच युक्तीची एक शिस्तबद्ध अंमलबजावणी आहे, आणि मनाच्या व्याधींपुरते बोलायचे तर ती शिस्त मानसशास्त्रज्ञांनी फार कष्टाने, स्वतः ठेचा खाऊन घडवलेली आहे.

मानसशास्त्राचाच आधार का घ्यावा, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. मधुमेहाच्या रुग्णाची रक्तशर्करा मोजता येते. चिंतेची, विस्मृतीची, अनिद्रेची अशी शर्करा नाही. तेथे रुग्णाचा शब्द हेच मापन. शब्द मोजायचा कसा, ही त्या शास्त्राची सव्वाशे वर्षांहून अधिक काळची चिंता आहे.

आपल्या परिषदांतून आणि नियतकालिकांतून वाचनात येणाऱ्या लेखांचा एक साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. चित्तोद्वेगाचे तीस रुग्ण, पंचेचाळीस दिवस औषध, चोवीस जणांना उपशय, म्हणजे ऐंशी टक्के यश. संदर्भ संहितांचे, रुग्णनिवड काळजीपूर्वक, श्रम प्रामाणिक. तरीही या ऐंशी टक्क्यांवरून औषधाविषयी जवळजवळ काहीही सिद्ध होत नाही. हे विधान कठोर वाटेल, म्हणून त्याची फोड करून दाखवणे आम्हांस आवश्यक वाटते.

मापनाची पट्टी

प्रथम स्मृतीचा विचार करू. ‘आठवणीत सुधारणा: उत्तम, मध्यम, अल्प’ अशी नोंद वैद्य स्वतःच करतो, तेव्हा मोजपट्टी त्याच्याच आशेची बनलेली असते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन विद्वानाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून विस्मरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे, काही तासांनी, काही दिवसांनी पुन्हा पाठ करायचे आणि दुसऱ्या वेळी किती श्रम वाचले ते मोजायचे, ही त्याची रीत होती. आज शब्दयादीच्या चाचण्या सर्वत्र वापरल्या जातात. रे यांच्या नावाची प्रसिद्ध चाचणी घ्यावी: पंधरा शब्द पाच वेळा वाचून दाखवायचे, प्रत्येक वेळी किती आठवले ते लिहायचे, मध्ये दुसरी यादी ऐकवायची आणि सुमारे अर्ध्या तासाने पहिल्या यादीतील किती उरले ते विचारायचे. ‘आठवते हो थोडे थोडे’ या उत्तरापेक्षा ‘पंधरापैकी नऊ’ हे उत्तर कितीतरी उपयोगी.

परंतु येथे एक खोच आहे. तीच यादी तीन महिन्यांनी पुन्हा दिली तर औषधाविनाही गुण वाढतात, कारण चाचणीचा सराव झालेला असतो; रुग्णाला युक्त्या सुचलेल्या असतात, भीड चेपलेली असते. म्हणून समतुल्य अशी दुसरी यादी तयार ठेवावी लागते, आणि तेवढ्यानेही सरावाचा परिणाम पूर्ण जात नाही.

अंकस्मरणाची चाचणी तर त्याहून सोपी दिसते. चार-सात-दोन-नऊ असे अंक ऐकवायचे व त्याच क्रमाने म्हणवून घ्यायचे. पण इंग्रजी माध्यमाचा मुलगा घरी मराठी बोलत असला तरी आकडे मनात इंग्रजीतूनच घोकतो. पहिल्या भेटीत अंक मराठीत आणि दुसऱ्या भेटीत इंग्रजीत सांगितले गेले, तर दिसणारा फरक भाषेचा असेल. ब्राह्मीला त्याचे श्रेय देता येणार नाही. अशा बारीकसारीक गोष्टी कोणी लिहून ठेवत नाही. संशोधनाचे सोने बहुधा तेथेच सांडते.

चिंता व तणाव यांसाठी प्रश्नावल्या आहेत. शेल्डन कोहेन व सहकाऱ्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेली तणावमापनश्रेणी आज अश्वगंधेच्या अनेक अभ्यासांत आढळते. तिच्या दहा प्रश्नांच्या आवृत्तीत प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण चाळीस. त्यांतील चार प्रश्न उलट अर्थाचे आहेत, म्हणजे ‘गोष्टी आपल्या मनासारख्या घडत आहेत असे किती वेळा वाटले’ या धर्तीचे. त्यांचे गुण उलटे फिरवून मगच बेरीज करायची असते. हे न करता काढलेली बेरीज निरर्थक ठरते.

त्याहून अवघड काम भाषांतराचे आहे. आपल्याकडचा रुग्ण ‘मला चिंताविकार आहे’ असे म्हणत नाही. छातीत धस्स होते, काळजाचे पाणी होते, हुरहूर लागते, जिवाची घालमेल होते, मन कशात लागत नाही, असे तो सांगतो. यांतील कोणता शब्द मूळ प्रश्नाचा वजनदार प्रतिनिधी आणि कोणता नुसता शेजारी, हे घरबसल्या ठरत नाही. एकाने मराठीत आणावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावे, दोन्ही प्रती ताडून पाहाव्यात, मग थोड्या लोकांना दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा भरायला देऊन उत्तरे किती स्थिर राहतात ते पाहावे, असा शिरस्ता आहे. जी पट्टी काही उपचार नसताना स्वतःच लांब-आखूड होते तिने कापड मोजू नये.

तुलनागट नसेल तर

आता त्या तीस रुग्णांकडे परत वळू. रुग्ण वैद्याकडे केव्हा येतो? त्रास अगदी वाढतो तेव्हा. चिंता, झोप, वेदना यांची तीव्रता रोज खालीवर होत असते. एखाद्याचा नेहमीचा तणावगुण बावीस असेल तर वाईट आठवड्यात तो अठ्ठावीस होतो, चांगल्या आठवड्यात सतरा. अठ्ठावीसच्या आठवड्यात तो आपल्या दारी येतो. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजले तर तो बाविसाच्या आसपास आढळण्याचीच शक्यता अधिक, मग मधल्या काळात त्याने काहीही घेतलेले असो. सर फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईवडील व मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना ही सरासरीकडे परतण्याची प्रवृत्ती दाखवून दिली. फार उंच मातापित्यांची मुले सरासरीने थोडी कमी उंच निघतात. येथे कोणतेही औषध काम करत नाही, केवळ टोकाची निवड केल्याचा तो परिणाम असतो.

डॅनियल काह्नेमान यांनी इस्राएलच्या हवाई दलातील प्रशिक्षकांचा अनुभव नोंदवला आहे. चांगल्या उड्डाणानंतर शाबासकी दिली की पुढचे उड्डाण बिघडते आणि वाईट उड्डाणानंतर खरडपट्टी काढली की सुधारते, म्हणून शिक्षाच गुणकारी, असा त्या अनुभवी मंडळींचा ठाम निष्कर्ष होता. वस्तुतः दोन्ही वेळा उड्डाण आपल्या सरासरीकडे परतत होते. अनुभव खोटा नव्हता. त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला होता. चाळीस वर्षांचा दवाखाना हाही या फशीपासून माणसाला वाचवत नाही, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

यावर उपाय एकच: त्याच वेळी, त्याच तीव्रतेचा, तशाच भेटी व तसेच पथ्य मिळणारा, मात्र ते औषध न मिळणारा दुसरा गट. साठ रुग्ण असतील तर तीस-तीस. कोण कोणत्या गटात जाणार हे वैद्याने ठरवू नये. ते चिठ्ठ्यांनी किंवा यादृच्छिक अंकांच्या तक्त्याने ठरावे. सोमवारी येणारे एका गटात आणि मंगळवारी येणारे दुसऱ्यात, ही सोय वाटते पण ती विभागणी नव्हे. मंगळवारी बाजारचा दिवस असेल तर गावोगावचे लोक त्या दिवशी येतील आणि दोन्ही गट मुळातच वेगळे पडतील. दुसऱ्या गटातही सोळा-सतरा जणांना उपशय मिळाल्याचे दिसले, तर आपल्या चोविसांचे खरे मोल किती ते कळू लागते.

वास आणि चव यांची अडचण

दुसऱ्या गटाला काहीतरी दिसायला सारखे द्यावे लागते, आणि येथे आपल्या औषधांची एक खास पंचाईत आहे.

श्रद्धेचा परिणाम किती खोल असतो हे १७८४ साली पॅरिसला दिसले. मेस्मर यांच्या तथाकथित प्राणिज चुंबकशक्तीची चौकशी करण्यासाठी फ्रान्सच्या राजाने एक समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. एका बागेतील एकच झाड ‘भारित’ करून एका बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून झाडांपाशी नेण्यात आले. तो मूर्च्छित पडला, पण भलत्याच झाडापाशी. मूर्च्छा खरी होती, कारण मात्र त्याच्या मनात होते. डोळे बांधण्याची ही साधी युक्ती पुढे औषधपरीक्षणाचा पाया झाली. ज्याला औषध मिळते त्याला आणि जो फरक नोंदवतो त्याला, दोघांनाही कोणत्या पुडीत काय आहे हे ठाऊक नसावे. यालाच द्विअंध चाचणी म्हणतात.

अश्वगंधेचे नावच तिच्या गंधावरून पडले आहे. साखरेच्या पुडीला तो गंध कोठून आणणार? ब्राह्मी कडवट, गुडूची कडू, त्रिफळा तर पहिल्याच सकाळी ओळखू येतो. रुग्णाने ओळखले की चाचणीचे डोळे उघडले. ब्राह्मीच्या सत्त्वाने काहींना मळमळ होते व शौचाचे वेग वाढतात, असे ऑस्ट्रेलियात पंचावन्नपेक्षा अधिक वयाच्या ९८ व्यक्तींवर केलेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्यामुळे कॅप्सूलमध्ये भरूनही गुपित पूर्णपणे राहतेच असे नाही. येथे औषधनिर्मात्यांचे साहाय्य अनमोल आहे. वासापुरते अल्पमात्र द्रव्य मिसळलेली, वर सारखाच लेप असलेली गोळी बनवणे त्यांनाच शक्य आहे. चाचणी संपल्यावर प्रत्येक रुग्णाला ‘तुम्हांला कोणती गोळी मिळाली असे वाटते?’ हे विचारून घ्यावे. बहुतेकांनी बरोबर ओळखले असेल तर निष्कर्ष जपून मांडावा.

या दृष्टीने अश्वगंधेचा एक बहुचर्चित अभ्यास वाचण्यासारखा आहे. हैदराबाद येथे ६४ तणावग्रस्त प्रौढांवर साठ दिवस तिच्या मुळाचे उच्चप्रमाणित सत्त्व देऊन केलेला हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तणावश्रेणीवरील गुण औषधगटात सुमारे ४४ टक्क्यांनी, तर तुलनागटात सुमारे साडेपाच टक्क्यांनी घटले. जाहिरातींतून पहिला आकडा झळकतो. आमचे लक्ष दुसऱ्याने वेधले. चिंता-तणावाच्या चाचण्यांत निरौषध गोळी घेणाऱ्यांनाही सामान्यतः बराच उतार पडतो. येथे तो इतका अल्प का? कदाचित काहीच कारण नसेल, लहान गटांत असे घडते. परंतु चिकित्सक वाचकाने असा प्रश्न मनात आणावा, आणि एवढा मोठा फरक निराळ्या ठिकाणी, निराळ्या हातांनी पुन्हा दिसतो काय याची वाट पाहावी.

आपली चिकित्सा प्रत्येक पुरुषाची वेगळी परीक्षा करून ठरते, मग सर्वांना एकच गोळी देणारी ही पद्धत आयुर्वेदाला लागूच पडत नाही, असा आक्षेप प्रत्येक चर्चासत्रात ऐकू येतो. त्यात तथ्य आहे. पण त्याला उत्तरही दिले गेले आहे. कोइमतूर येथे आमवातसदृश संधिविकाराच्या ४३ रुग्णांवर झालेला आणि २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. वैद्यांनी प्रत्येक रुग्णाची शास्त्रोक्त परीक्षा करून स्वतंत्र योजना लिहिली. रुग्णाला मात्र ती औषधे खरी मिळत होती की हुबेहूब दिसणारी निरौषध, हे वैद्याला वा रुग्णाला ठाऊक नव्हते. एका गटाला आयुर्वेदीय, दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट, तिसऱ्याला दोन्ही, असे छत्तीस आठवडे चालले. तिन्ही गटांत परिणाम साधारण सारखा आला. म्हणजे व्यक्तिसापेक्ष चिकित्साही द्विअंध पद्धतीने तपासता येते.

मात्र त्या अभ्यासावरून ‘आयुर्वेद व मेथोट्रेक्सेट समान ठरले’ असे जे भाषणांतून सांगितले जाते ते बरोबर नाही. त्रेचाळीस माणसांत फरक न दिसणे म्हणजे फरक नसणे नव्हे. अंधुक दिव्यात सुई दिसली नाही म्हणून ती घरात नाही असे म्हणता येत नाही. संशोधकांनी स्वतः त्याला पथदर्शी अभ्यासच म्हटले होते. समानता सिद्ध करायची तर रुग्ण अधिक लागतात आणि किती फरक नगण्य मानायचा हे आधीच लिहून ठेवावे लागते. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व सहकारी यांनी गुडघ्याच्या संधिवातावर ४४० रुग्णांचा, चोवीस आठवड्यांचा, ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्याशी तुलना करणारा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला, तो याच हेतूने आखलेला होता. त्यात वेदनेवरील परिणाम तुल्य आढळला. शिवाय आयुर्वेदीय औषध घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताच्या एका विकराची पातळी वाढल्याचे व औषध थांबवल्यावर ती पूर्ववत झाल्याचेही त्यांनी नोंदवले. असा प्रतिकूल भाग न लपवणारा लेख आम्हांस अधिक विश्वासार्ह वाटतो.

योगायोग किती?

सांख्यिकीचे नाव काढले की आपले पुष्कळ वैद्यबंधू वही मिटतात. ‘पी शून्य पूर्णांक शून्य पाचपेक्षा कमी’ हा मंत्र लेखाच्या शेवटी कोणाकडून तरी लिहवून घेतला जातो. त्याचा अर्थ समजायला गणित फारसे लागत नाही. आठ वाट्या लागतात.

रोनाल्ड फिशर या इंग्रज सांख्यिकाने १९३५ सालच्या आपल्या ग्रंथात एका बाईंची गोष्ट दिली आहे. कपात आधी दूध घातले की आधी चहा, हे आपण चवीवरून ओळखतो, असे त्या म्हणत. फिशर यांनी आठ कप सुचवले: चारांत आधी दूध, चारांत आधी चहा, क्रम चिठ्ठीने. हाच प्रयोग आपल्या रसशाळेत करता येईल. एखादा जुना कामगार म्हणतो की निंबावर चढलेल्या गुळवेलीचा काढा मला जिभेवर ओळखता येतो. आठ वाट्या घ्याव्यात, चार निंबगुडूचीच्या व चार इतर गुळवेलीच्या. आठांतून चार निवडण्याचे एकूण सत्तर प्रकार होतात. नुसत्या अंदाजाने चारही बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक, म्हणजे सुमारे दीड टक्का. तीन बरोबर व एक चूक अशी निवड सोळा प्रकारांनी होते. म्हणून किमान तीन बरोबर येण्याची शक्यता सत्तरात सतरा, म्हणजे जवळजवळ चोवीस टक्के. चारपैकी तीन ओळखल्या म्हणून त्याला फेटा बांधण्याचे कारण नाही. चारही ओळखल्या तर त्याच्या जिभेचा विचार करावा. फिशर यांच्या बाईंनी पुढे किती कप ओळखले हे त्या ग्रंथात दिलेले नाही, याची आम्हांस नेहमी गंमत वाटते.

पी-मूल्य ते एवढेच. औषध पूर्णपणे निष्क्रिय आहे असे धरले, तर केवळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, हे ते सांगते. औषध गुणकारी असण्याची शक्यता ९५ टक्के, असा त्याचा अर्थ होत नाही. फरक रुग्णाच्या उपयोगाचा आहे काय, हेही ते सांगत नाही. हजारो माणसांच्या अभ्यासात चाळीसपैकी अर्ध्या गुणाचा फरकही ‘सार्थ’ ठरू शकतो, पण त्याने कोणाची झोप सुधारत नाही.

उलट, फरक खरा असूनही लहान अभ्यासात तो निसटतो. मध्यम प्रमाणाचा परिणाम, म्हणजे दोन गटांच्या सरासरींत प्रमाण विचलनाच्या निम्मा फरक, ऐंशी टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात सुमारे चौसष्ट रुग्ण हवेत. तीस रुग्णांचा एकच गट या हिशेबात कोठे बसतो हे वाचकांनीच पाहावे.

पुष्कळ बाण, एक लक्ष्य

ब्राह्मीवर लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने अनेक वर्षे काम केले आणि पुढे ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञांनी तिच्या सत्त्वाच्या चाचण्या घेतल्या. त्यांतील २००२ सालच्या अभ्यासात चाळीस ते पासष्ट वयाच्या ७६ व्यक्तींना तीन महिने औषध वा निरौषध गोळी दिली गेली. स्मृतीच्या अनेक अंगांची परीक्षा झाली. नव्याने शिकलेले टिकून राहण्याच्या चाचणीत औषधगट सरस ठरला. शिकण्याचा वेग मात्र वाढला नव्हता. ब्राह्मीने शिकणे जलद होत नाही, विसरणे मंदावते, असा अर्थ संशोधकांनी लावला. ‘परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सुरू करा’ या सल्ल्याला यात काहीच आधार नाही, हे लक्षात घ्यावे. पुढे २०१२ साली सहा अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. मुक्त स्मरणाच्या सतरा चाचण्यांपैकी नऊंत ब्राह्मीचा लाभ दिसला. बुद्धीच्या इतर अंगांबाबत पुरावा फारसा मिळाला नाही.

सतरापैकी नऊ हे चांगलेच प्रमाण. पण वीस चाचण्या लावून एकच सार्थ आली आणि लेखात तेवढीच छापली, तर? निष्क्रिय औषधालाही वीसांत सरासरी एक चाचणी योगायोगाने ‘उत्तीर्ण’ करते. मानसशास्त्रज्ञांनी हे स्वतःच्या घरातच उघडे केले. सिमन्स, नेल्सन व सिमोनसोन यांनी २०११ साली नेहमीच्याच सवलती घेऊन (दोनपैकी सोयीचे मापन निवडणे, मनासारखे उत्तर येईपर्यंत माणसे वाढवणे वगैरे) एक विशिष्ट गाणे ऐकल्याने माणसाचे वय दीड वर्षाने कमी होते, असे ‘सार्थ’ सिद्ध करून दाखवले. अशा चार सवलती एकत्र घेतल्या तर खोटा निष्कर्ष निघण्याची शक्यता पाच टक्क्यांवरून सुमारे साठ टक्क्यांवर जाते, हेही त्यांनी गणिताने मांडले. पुढे २०१५ साली शंभर मानसशास्त्रीय प्रयोग पुन्हा करून पाहण्यात आले. मूळ लेखांपैकी ९७ टक्के लेखांत निष्कर्ष सार्थ होता. पुनरावृत्तीत तो अवघ्या ३६ टक्क्यांत टिकला. एखाद्या शास्त्राने आपली झडती आपणच घेऊन निकाल जाहीर करावा, हे धैर्य आपल्या क्षेत्रात क्वचितच पाहायला मिळते.

त्यावरचा तोडगा कागदी आहे आणि स्वस्त आहे. कोणते एक मुख्य मापन, किती रुग्ण, किती दिवस, विश्लेषण कसे, हे पहिला रुग्ण घेण्यापूर्वी लिहून जाहीर करावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अखत्यारीतील चाचणी-नोंदवही २००७ पासून याचसाठी आहे आणि तीत नोंदणी विनामूल्य होते. पेटंट औषधांच्या परवान्यासाठी २०१० साली आलेल्या नियम १५८-बीमुळे प्रकाशित साहित्य व पथदर्शी अभ्यास हे शब्द निर्मात्यांच्या परिचयाचे झालेच आहेत. आणखी एक पथ्य निर्मात्यांनी पाळावे. ब्राह्मी म्हणून बाकोपा घातली की मंडूकपर्णी, आणि शंखपुष्पी या नावाने बाजारात येणाऱ्या तीन-चार वनस्पतींपैकी नेमकी कोणती, हे शास्त्रीय नावासह नोंदवावे. एरवी एका वनस्पतीचा पुरावा दुसऱ्याच वनस्पतीच्या बाटलीवर चिकटतो.

प्रकृतीची प्रश्नावली

शेवटी एका नाजूक विषयाला हात घालतो. प्रकृतिपरीक्षणाचे छापील अहवाल देण्याची प्रथा बरीच रूढ झाली आहे. ‘अहवाल अगदी तंतोतंत जुळला’ असे ग्राहक म्हणतो म्हणून प्रश्नावली अचूक, असे तिचे कर्ते मानतात. बर्ट्राम फोरर यांनी १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व-चाचणीचे ‘स्वतंत्र’ अहवाल दिले व अचूकतेला पाचपैकी गुण देण्यास सांगितले. सरासरी आली ४.२६. सर्वांना एकच मजकूर दिलेला होता, आणि तो एका ज्योतिषाच्या पुस्तकावरून बेतलेला होता. जुळल्यासारखे वाटणे हा प्रकृतिनिदानाचा पुरावा होऊ शकत नाही.

पुरावा असा मिळेल. दोन वैद्यांनी एकमेकांशी न बोलता त्याच पन्नास व्यक्ती तपासाव्यात. समजा पहिल्याने २५ वातप्रधान, १५ पित्तप्रधान, १० कफप्रधान ठरवल्या. दुसऱ्याने २०, २० व १०. आणि ३० व्यक्तींबाबत दोघांचे एकमत झाले. साठ टक्के एकमत कानाला बरे वाटते. पण या आकड्यांवर नुसत्या योगायोगानेही अठरा ठिकाणी, म्हणजे ३६ टक्के, मते जुळली असती. योगायोगापलीकडे जुळण्यास वाव चौसष्ट टक्क्यांचा होता, त्यांपैकी चोवीस साधले, गुणोत्तर ०.३७ किंवा ०.३८. जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली सांगितलेला हाच कप्पा गुणक. तो एकच्या जवळ असेल तर उत्तम, शून्याजवळ असेल तर नाणे उडवल्यासारखेच. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात दोषांच्या गुणांवरून प्रकृतीची लक्षणे इतक्या तपशिलाने मांडली आहेत की हा गुणक पुष्कळ वाढवता येईल, असा आमचा अंदाज आहे. मात्र तो अंदाज आहे, आणि तपासून पाहण्यास पन्नास माणसे व दोन सकाळी पुरतात.

आपल्या तालुका शाखांना याच वर्षी करता येईल असा एक उपक्रम सुचवतो. महाविद्यालयीन नीतिसमितीची संमती आणि चाचणी-नोंदवहीत नोंद, ही पहिली दोन कामे. स्थानिक औषधनिर्मात्याने बाकोपाच्या व निरौषध अशा सारख्या गोळ्या क्रमांकित डब्यांत भराव्यात. स्मृतीची एकच मुख्य चाचणी, तीही वैद्याने न घेता एखाद्या शिक्षकाने घ्यावी. निवड परीक्षा नसलेल्या महिन्यांतली आणि मुले टाळून प्रौढांची असावी. कोणत्या क्रमांकाच्या डब्यात काय आहे याची यादी लखोट्यात घालून संख्याशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकांकडे ठेवावी. तीन महिन्यांनी शेवटच्या व्यक्तीचे गुण वहीत उतरून त्याखाली दोघांच्या सह्या झाल्या की तो लखोटा सर्वांसमक्ष फोडावा.